रामीबाई, अमेरिका, रूस आणि मधला नाला

रामीबाई ढाणकीच्या बाजाराला सीताफळं घेऊन निघाली, की आधी जिभेला धार लावते आणि मगच टोपली उचलते, असं तिचा नवरा लालसिंग सांगायचा. अर्थात ती हाकेच्या टप्प्याबाहेर गेल्यावर. लालसिंग माणूस गरीब. तीस वर्षांच्या संसारात त्यानं बायकोला एकदाच उलट उत्तर दिलं होतं, आणि तेही झोपेत. सकाळी त्याला ते आठवत नव्हतं, पण रामीबाईला आठवत होतं, आणि पुढचे चार दिवस बंजाऱ्यांच्या त्या तांड्यातल्या कुत्र्यांनासुद्धा ते कळलं.

तर या रामीबाईची एकुलती एक लेक हंसा नाल्यापलीकडच्या तांड्यात दिलेली. नाला म्हणजे तरी काय, दिवाळीला घोट्याएवढं पाणी. इकडे भाकरी थापली तर तिकडे आवाज जावा, इतकं जवळचं सासर. जवळ सासर असलं की लेक रोज येते आणि रोज काहीतरी घेऊन जाते, म्हणून रामीबाई वर्षभर कुरकुरली होती. पण बासष्ट सालच्या त्या दिवाळीत हंसाला आठवा महिना होता. पहिलं बाळंतपण आईकडे व्हायचं, हे ठरलेलं. दिवाळीच्या आदल्या दिवशी लेक आणायची, हेही ठरलेलं. आणि नेमका तोच नाला बंद झाला होता.

बंद होण्याचं कारण ऐकाल तर हसाल. नाल्याच्या काठाला पाच-सहा एकर ई-क्लासचा पडीत तुकडा होता. सरकारची जमीन, दोन्ही तांड्यांची ढोरं तिथं चरत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पल्याडचा एक बैल अल्याडच्या ज्वारीत घुसला. अल्याडच्या प्रेमसिंगानं दगड मारला, तो बैलाच्या शिंगावर बसला आणि शिंग मोडलं. संध्याकाळी पल्याडच्यांनी प्रेमसिंगाचं डोकं फोडलं. हिशेब तिथंच मिटायला हरकत नव्हती. एरवी दोन्ही तांड्यांचे नायक, अल्याडचा देवसिंग आणि पल्याडचा खेमसिंग, म्हणजे हंसाचा सासरा, नसाब बसवायचे. नसाब म्हणजे तांड्याची पंचायत. ती बसली की दोन तास भांडण, मग एक बकरा, एक घागर दारू, आणि शेवटी ज्यांनी एकमेकांची डोकी फोडली तेच एकमेकांच्या गळ्यात पडून झोपायचे.

पण त्या वर्षी पंचायत समित्या नव्यानंच झाल्या होत्या आणि ढाणकीच्या बाजारातल्या दोन बड्या असामींचा डोळा एकाच खुर्चीवर होता. एक जिनवाले शेठ, ज्यांच्याकडे साऱ्या मुलखाचा कापूस जायचा. दुसरे तेलमिलवाले दादासाहेब, ज्यांच्याकडे भुईमूग आणि तीळ जायचा. दोघांची घरं एकाच रस्त्यावर समोरासमोर, आणि एकानं माडीला निळा रंग दिला की दुसरा आठ दिवसांत हिरवा देणार. जिनवाले शेठ देवसिंगाला भेटायला आले, प्रेमसिंगाचं डोकं पाहून हळहळले आणि जाताना दहा लाठ्या ठेवून गेले. संरक्षणासाठी. तेलमिलवाल्यांनी हे ऐकलं आणि खेमसिंगाकडे वीस लाठ्या पाठवल्या. संरक्षणासाठीच. मग इकडे भरमार, म्हणजे ठासणीची, बंदूक आली आणि ती चालवायला परजिल्ह्यातला एक माणूस आला. चार दिवसांत तिकडेही बंदूक आली आणि तिकडचा माणूस तर म्हणे वाघ मारलेला. कोणता वाघ, ते वाघालाच ठाऊक. दोन्ही काठांवर राखणीचे माळे उभे राहिले आणि नाला ओलांडणाऱ्याचे पाय तोडायचे असं ठरलं.

एवढ्यावर भागलं असतं तरी बरं. दसरा झाल्यावर जिनवाल्यांच्या बैलगाडीतून रॉकेलचे सहा डबे देवसिंगाच्या कोठ्यात उतरले. आठवड्यात खेमसिंगाच्या कोठ्यात आठ उतरले. देवसिंग सगळ्यांना समजावून सांगायचा की डबे वापरायचे नाहीत, फक्त असू द्यायचे. ते आहेत हे तिकडच्यांना कळलं, की ते भिऊन राहतील. खेमसिंगही तिकडे शब्दाला शब्द हेच सांगत होता. दोन्ही तांड्यांची घरं कुडाची, छपरं गवताची, अंगणात कडब्याच्या गंजी. एकीकडे काडी पडली तर वारा दुसरी बाजू सोडणार होता थोडाच? पण हे बोलायचं कुणी? मिशीवाले बोलत नव्हते. आणि बाईमाणसानं नसाबीत बोलायचं नाही, असा तांड्याचा रिवाज.

रामीबाईला रिवाज माहीत होता. तो तिला आवडत नव्हता, इतकंच.

त्याच दिवसांत गावच्या ग्रामपंचायतीसमोर रोज संध्याकाळी गर्दी व्हायची. तिथं सरकारी रेडिओ होता आणि त्याचा कान पिळायचा अधिकार एकट्या श्रावण मास्तरचा. श्रावण शाळेवर मास्तर, छप्पन साली नागपूरला जाऊन बुद्धाचा झालेला, बोलायला मऊ आणि वाकायला कडक. चीननं सरहद्दीवर हल्ला केला होता, म्हणून सगळा गाव कान टवकारून बसायचा. त्यात एके दिवशी मास्तरनं नागपूरचा पेपर वाचून दाखवला, त्यात भलत्याच मुलखाची बातमी होती. अमेरिकेच्या उंबऱ्याशी एक लहानसं बेट आहे. तिथून पळालेल्या लोकांना अमेरिकेनं हत्यारं देऊन परत बेटावर पाठवलं. ते मार खाऊन आले. मग बेटवाल्यानं रशियाला हाक मारली. रशियानं बेटावर रॉकेटं आणून ठेवली, ज्यांच्यावर ॲटम बॉम्ब बसतो असली. आता अमेरिकेनं समुद्रात आगबोटींचा वेढा घातलाय आणि रशियाच्या आगबोटी तिकडेच निघाल्यात. एक बॉम्ब पडला की दुसरा पडणार, आणि मग यवतमाळ काय आणि विलायत काय.

 कोणीतरी विचारलं, की दोघंही शहाणे, दोघांनाही मरायचं नाही, मग बॉम्ब पडेलच कसा. श्रावण म्हणाला की ठरवून नाही पडणार. दोघांचीही माणसं घरापासून हजारो कोसांवर, रात्ररात्र जागी, बंदुकीच्या घोड्यावर बोट ठेवून बसलीत. त्यातल्या एकाला काहीतरी भलतंच वाटलं, की झालं.

सीताफळाची रिकामी टोपली उपडी करून तिच्यावर बसलेल्या रामीबाईनं तेव्हा तोंड उघडलं.

"मास्तर, मंग त्या बेटावरचे लोक काय म्हनून राह्यले?"

श्रावणनं पेपर खालून वर, वरून खाली पाहिला. "त्यांचं काही नाही दिलं, मावशी. त्यांना कोनी इचारलं नसन."

रामीबाई उठली, टोपली डोक्यावर ठेवली आणि निघाली. श्रावणनं तिला वाटेत गाठून हळूच सांगितलं, की आम्ही दीक्षा घेतली आणि गावानं आमचं पाणी बंद केलं, तेव्हा हेच दोन शेठ आमच्या वस्तीवर लाठ्या घेऊन आले होते. एक सकाळी, एक दुपारी. आम्ही दोघांनाही चहा पाजला आणि लाठ्या त्यांच्याच गाडीत परत ठेवल्या. विहीर मिळायला सहा महिने लागले, पण वस्ती जागेवर राहिली.

दुसऱ्या दिवसापासून रामीबाईनं जिनवाल्यांचं नाव अमेरिका ठेवलं आणि तेलमिलवाल्यांचं रूस. तिच्या तोंडून नाव सुटलं की ते तीन दिवसांत अख्ख्या बाजाराचं व्हायचं. चौथ्या दिवशी हमालसुद्धा विचारू लागले, की पोती अमेरिकेकडे टाकू की रूसकडे.

ती स्वतः अमेरिकेच्या ओट्यावर सीताफळं घेऊन गेली. शेठ सीताफळाचे डोळे निवडत होते, म्हणजे फळ पिकलंय का ते दाबून पाहत होते. रामीबाईनं गोड आवाजात विचारलं, की शेठ, तुमचा मोठा पोरगा आता चांगला गबरू झालाय, त्याला आमच्या माळ्यावर बंदूक घेऊन कधी पाठवता? शेठ हसले. म्हणाले, तो कॉलेजात आहे. ती रस्ता ओलांडून रूसकडे गेली आणि तिथंही तेच विचारलं. दादासाहेबांचा मुलगा नाजूक होता, त्याला धुळीनं शिंका यायच्या. रामीबाईनं दोघांकडूनही फळांचे पैसे रोख घेतले आणि येताना सरळ देवसिंग नायकाच्या ओसरीवर गेली.

तिथं काय झालं ते देवसिंगाच्या बायकोनं, चंदाबाईनं, भिंतीआडून ऐकलं, म्हणून तर ते सगळ्यांना माहीत. रामीबाई म्हणाली, नायक, आपले पणजे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून फौजांना धान्य पोचवायचे. या फौजेला आणि त्या फौजेलाही. माझा आजेसासरा सांगायचा, की गोण्या पोचत तोवर लढाई चाले आणि गोण्या थांबल्या की दोन्ही राजे तहाला बसत. आपण लढाई पोसणारी जात. पोसणारा कधी मरत नाही, हे आपल्याला नाही कळणार तर कुणाला? या खेपेला गोणी अमेरिकेची आहे आणि फौज तुम्ही.

देवसिंगाला ते पटलं असावं, कारण त्याला राग आला. तो म्हणाला की बायांनी चुलीपुढं बोलावं.

"बोलतो ना," रामीबाई म्हणाली, "चूल रायली तर."

दिवाळीचा आदला दिवस उजाडला. रामीबाईनं सकाळी न्हाऊन घेतलं, नवा घागरा नेसली, आरशांची ओढणी घेतली आणि भर दुपारी, सगळ्या तांड्यादेखत, नाल्याकडे चालू लागली. लालसिंग मागून येत होता, थांब म्हणायचा बेत करत. तो बेत नाल्यापर्यंत पुरा झाला नाही. पलीकडून हंसा निघालेली. मायलेकींनी सांगावा कसा धाडला, हे कुणाला कळलं नाही, पण धुणं धुताना दोन्ही काठांच्या बाया काय फक्त धुणंच धुतात?

मधोमध, पाण्यात, दोघी भेटल्या. आणि बंजाऱ्याच्या बाया दोन महिन्यांनी भेटल्या की जे करतात तेच त्यांनी केलं. एकमेकींच्या गळ्यात हात टाकले, ओढणीखाली डोकी घेतली आणि सूर लावून रडायला लागल्या. हे रडणं म्हणजे आमच्याकडचे नमस्कार-चमत्कार. त्यात मेलेल्या आजीपासून आजारी वासरापर्यंत सगळ्यांची नावं गाऊन विचारपूस होते. रामीबाईचा आवाज तर असा, की पलीकडच्या डोंगरातली माकडं झाडं बदलायची. दोन्ही काठांवरच्या बाया डोळे पुसू लागल्या, पुरुष अवघडून इकडेतिकडे पाहू लागले. तांड्यातल्या दुधपित्या पोरालाही कळत होतं की हा आनंद आहे.

कळलं नाही ते दोघांनाच. माळ्यावरच्या परजिल्ह्यातल्या माणसाला आणि समोरच्या वाघ मारलेल्याला. अमेरिकेच्या माणसानं बायांचा हंबरडा ऐकला, दोघी एकमेकींना धरून वाकलेल्या पाहिल्या आणि त्याला वाटलं मुडदा पडला. त्याला सांगूनच ठेवलं होतं, की आपल्याकडचा पहिला मुडदा पडला की विचारायला थांबायचं नाही. त्यानं बार उडवला. रूसच्या माणसानं बार ऐकला आणि तोही विचारायला थांबला नाही.

धूर निवळला तेव्हा हंसा गुडघ्यांवर पाण्यात बसलेली होती आणि रामीबाई तिच्यावर दोन्ही हात पसरून ओणवी. लग्नापासून दंडावर चढलेल्या तिच्या पांढऱ्या बलिया, सवाष्णीचा चुडा तो, फुटून तुकडे पाण्यात सांडत होते. उजव्या हाताच्याही आणि डाव्या हाताच्याही. छऱ्यांनी कातडं सोलपटलं होतं, रक्त होतं, पण हाड शाबूत होतं. हंसाला एक ओरखडाही नव्हता.

तोवर दोन्ही काठांवरून लाठ्या धावत सुटल्या होत्या. प्रत्येकाला खात्री, की पहिला बार समोरच्यानं काढला. कोणीतरी कोठ्याकडे पळालं, डबे आणायला. पाच-सात पावलांचं अंतर उरलं होतं. खेमसिंगाच्या घरच्यांनी हंसाला काखेत धरून मागे ओढलं. आणि रामीबाई उभी राहिली, नाल्याच्या मधोमध, फुटक्या हातांनी, आणि पुन्हा सूर लावून रडायला लागली. पण या वेळी भेटीचं नाही. नवरा मेल्यावर रडतात ते.

लाठ्या थांबल्या. कारण तिचा नवरा लालसिंग तिच्या शेजारीच उभा होता, धडधाकट, तोंड उघडं टाकून. तो बिचारा आपल्या अंगावर कुठं भोक पडलंय का ते चाचपू लागला.

रामीबाईनं सूर तोडला. दोन्ही नायकांकडे पाहिलं.

"चुडा फुटला माहा. नवरा जित्ता हाय तरी. बोला नायक, कोनी फोडला?"

देवसिंग म्हणाला, तिकडच्यांनी. खेमसिंग म्हणाला, तिकडच्यांनी. रामीबाई म्हणाली, दोघंही खोटं बोलता. तुमच्यापैकी एकालाही बार भरता येत नाही. हा माळ्यावरचा आपलं रडणंसुद्धा ओळखत नाही, याला आपलं भांडण काय कळणार? मला ज्याची बंदूक त्याच्याकडून चुडा पाहिजे. नवरा जिवंत असताना जो बाईचा चुडा फोडेल, त्यानं स्वतः येऊन, चार माणसांत, आपल्या हातानं तो परत भरायचा. हा आपल्या गोरमाटी लोकांचा कायदा आहे.

असा कायदा होता की नव्हता, हे आजतागायत कुणाला माहीत नाही. बहुतेक तिनं तो तिथंच पाण्यात उभं राहून केला. पण रक्तानं माखलेल्या बाईला तसं सांगणार कोण? देवसिंगानं खेमसिंगाकडे पाहिलं, खेमसिंगानं देवसिंगाकडे. दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी एकमेकांकडे पाहिलं असेल. आणि म्हाताऱ्या तुळसाबाईनं, जी खेमसिंगाची सख्खी आई, पलीकडच्या काठावरून ओरडून सांगितलं की हो, आहे असा कायदा. मग लाठ्या खाली आल्या.

त्या संध्याकाळी दिवे लागायच्या आत दोन्ही बंदूकवाले निघून गेले, एकमेकांच्या सोबतीनं, एकच विडी ओढत. पण नाला उघडला नाही. नायकांचं म्हणणं पडलं, की शेठ रागावतील. बंदुका आणि डबे कोठ्यात तसेच राहिले आणि हंसा पल्याडच राहिली.

मग रामीबाई उघड्या हातांनी हिंडू लागली. सवाष्ण बाई, भर दिवाळीत, दंड मोकळे. लालसिंगाची तर झोप उडाली. त्याला ठसका लागला तरी लोक पाण्याचा तांब्या घेऊन धावायचे. लुगड्याच्या चिंध्या बांधलेले हात घेऊन ती बाजारात अमेरिकेच्या ओट्यावर उभी राहिली आणि आपली मागणी खणखणीत सांगितली. शेठ म्हणाले, छर्रे रूसच्या बंदुकीचे. दादासाहेबांनी आपल्या ओट्यावरून उलट सांगितलं. रामीबाई म्हणाली, भांडू नका, उजवा हात तुमचा, डावा त्यांचा. अमेरिकेनं मुनिमाच्या हाती नवा चुडा पाठवला. तिनं परत केला. रूसनं ते ऐकून चांदीचा पाठवला. तोही परत गेला, आणि मुनीम जाताना सीताफळं विकत घेऊन गेला, तेही चढ्या भावानं.

इकडे श्रावण मास्तरच्या रेडिओवर बातमी आली होती, की रशिया बेटावरची रॉकेटं काढून नेतोय आणि अमेरिका बेटावर चढाई करणार नाही. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. रामीबाईनं तेवढाच प्रश्न पुन्हा विचारला, बेटावरच्यांना विचारलं का? श्रावण म्हणाला, या खेपेलाही नाही.

"मंग ते त्यायचं मिटलं," ती म्हणाली. "आपलं आपल्यालेच मिटवा लागते."

कापसाची पहिली वेचणी झाली आणि तिनं शेवटचा डाव टाकला. दोन्ही तांड्यांच्या बायांनी वेचलेला कापूस घरात दाबून धरला. भुईमुगाच्या शेंगांवर बसून राहिल्या. म्हणाल्या, गाडी जुंपायची तर उमरखेडला जुंपा. ढाणकीला एक बोंड जाणार नाही, ना अमेरिकेकडे ना रूसकडे. पुरुषांनी आठ दिवस डोळे वटारले. नवव्या दिवशी अल्याडच्या सात आणि पल्याडच्या नऊ गाड्या एकामागे एक उमरखेडच्या रस्त्याला लागल्या, आणि मुद्दाम वळसा घेऊन ढाणकीच्या त्या दोन माड्यांच्या मधून गेल्या. गाडीवानांनी इकडेही पाहिलं नाही आणि तिकडेही.

खुर्चीला मतं लागतात आणि जिनाला कापूस. दुसऱ्या दिवशी सकाळी अमेरिकेची छकडी नाल्यावर आली. ती निघाली हे कळल्याबरोबर रूसनं आपली घोडी काढली, मागे राहिलो असं कोणी म्हणू नये म्हणून. दोन्ही काठांवर माणूस मावत नव्हता. शेठ धोतर वर धरून घोटाभर पाण्यात उतरले. दादासाहेबांनी बूट काढून हातात घेतले. रामीबाई मधल्या दगडावर बसली होती, दोन्ही हात पुढं करून.

तिनं आधी बंदुका मागितल्या. त्या आल्या. डबे मागितले. चौदाच्या चौदा आले आणि छकडीत चढले. दोन्ही शेठांनी एकमेकांकडे न पाहता एकेक हात धरला. बलिया चढवणं सोपं नसतं, त्यात जखमेवरून. अमेरिकेच्या कपाळावर घाम आला. रूसच्या हातून एक बलिया पाण्यात पडली, तेव्हा ती जिनवाल्या शेठनं वाकून काढून दिली, आणि हे पाहायला अख्खी ढाणकी असती तर बरं झालं असतं, असं सगळ्यांना वाटलं.

शेवटची चढली. जिनवाले शेठ हात पुसत म्हणाले, की झालं ना बाई समाधान, आम्ही तर तुमच्या भल्यासाठीच मदत केली होती.

"अजून एक मदत करा, शेठ," रामीबाई म्हणाली. "तुमचं भांडन तुमच्या गल्लीत भांडा. आमच्या नाल्यात पानी कमी हाय."

 हंसा खेमसिंगाच्या घरातून निघाली होती. पोट धरून, नवव्या महिन्याच्या चालीनं, एकेक दगड पाहून पाय ठेवत ती दोन शेठांच्या मधून आली. तिला वाट द्यायला एकाला डावीकडे सरकावं लागलं आणि दुसऱ्याला उजवीकडे. दादासाहेबांचे बूट त्यात भिजले.